लाल मातीतलं थोटूक

"मग माझी जोड का नाही लावली, वस्ताद?"

मुबारक वस्ताद कुस्तीच्या हौद्याची माती उकरत होते. त्यांनी मान वर केली नाही.

जत्रेचं मैदान जवळ आलं होतं. तालमीतल्या सगळ्यांच्या कुस्त्या ठरल्या होत्या. जालिंदरची तेवढी राहिली होती. तो हौद्याच्या कडेने नुसता फिरत होता. बसत नव्हता, जातही नव्हता.

"बिडीमुळंच ना?"

"दम पुरतो का तुझा?"

"पुरतो की." मग हळूच, "...मागच्या मैदानात तेवढा तुटला."

वस्ताद माती खालीवर करत राहिले.

"सगळ्यांच्या आधी उठून जोर मारतो मी. दूध, तूप, बदाम, सगळं वेळच्या वेळी. चहाला शिवत नाही. जागरण नाही. औंदा तमाशालासुद्धा गेलो नाही. एवढं केल्यावर एका बिडीनं काय होतंय?"

"एकच?"

"...जेवणानंतरची धरू नका."

वस्ताद गालात हसले. त्यांनी मातीवर तेल शिंपडलं, हळद टाकली, ताकाची घागर ओतली. मग हात पुढे केला.

"आण ती."

जालिंदरने कानावरचं विझलेलं थोटूक त्यांच्या हातावर ठेवलं. आता बोलणी बसणार, असं त्याला वाटलं.

वस्तादांनी थोटूक हौद्यात टाकलं आणि वर फावडंभर माती ओढली.

"वस्ताद..."

"काय झालं?"

"पाया पडून उतरतो आपण हिच्यात."

"तेल घातलंय. हळद घातलीय. घागरभर ताक घातलंय. एवढ्याशा थोटकानं काय होतंय?"

जालिंदर गुडघ्यावर बसून दोन्ही हातांनी माती चाळू लागला.

लंगोट कसून पोरं आली.

"कुणी उतरू नका," तो म्हणाला.

"कोंबडीगत काय उकरतोयस रं?"

"उतरू नका म्हटलं ना."

पोरं कडेला उभी राहिली. कुणीतरी हसलं, मग तेही थांबलं.

थोटूक सापडलं तेव्हा ते ताकाने भिजून फुटलं होतं. तंबाखू मातीत पसरली होती. जालिंदर एकेक कण वेचू लागला. किती वेचले तरी आणखी दिसत होते...

शेवटी मूठ आवळून तो वस्तादांपुढे उभा राहिला. त्याला धाप लागली होती.

"कुठं टाकू, वस्ताद?"

वस्तादांनी फावडं भिंतीला टेकवलं.

"आजवर कुठं टाकत होतास?"