वाटेचं प्रमाणपत्र

पाखरे साहेबांना माणसाची अक्कल कागदावर मोजायची खोड. ते तपासणीला चिंचपाड्याच्या शाळेत आले, तेव्हा गावितबाई भाकरी मोडून अपूर्णांक शिकवत होत्या आणि पोरं धडाधड उत्तरं देत होती.

"हे कुठल्या प्रशिक्षणात शिकलात, बाई?"

"मोबाईलवर, साहेब. एक गुरुजी फुकट व्हिडिओ टाकतात."

"प्रमाणपत्र?"

"ते नाही मिळत."

"मग ते शिकणंच नव्हे! मोबाईलच्या फुकट ज्ञानावर कोण शहाणा भरवसा ठेवतो? उद्यापासून भाकरी बंद. आणा शेरेबुक, लाल शेरा मारतो!"

बाईंनी पोरांकडे पाहिलं. कालपर्यंत गणिताला रडणारी पोरं आत्ता कुठं हसायला लागली होती. तरी शेरेबुक पुढं करत त्या म्हणाल्या, "साहेब, पाडा डोंगराआड. पहिल्यांदाच आलात, वाट चुकली नाही ना?"

"चुकतेय कशाला? मोबाईलनं थेट दारात आणून सोडलं!"

"तेही फुकटच ना, साहेब? निघताना त्याचं प्रमाणपत्र बघितलंत का?"

पोरं फिसकन हसली. साहेबांचा पेन हवेतच थांबला. मग तेही ओशाळं हसले, समोरचा चतकोर उचलून तोंडात टाकला आणि निळ्या शाईनं लिहिलं, 'बाईंची वाट बरोबर आहे.'