वेशीबाहेर बंद पडणारी गाडी

एकदा एका व्यापाऱ्याने एक जुनी, बुटकी, दोनच आसनांची शर्यतीच्या धाटणीची गाडी एका वृद्ध मिस्त्रींच्या दारात आणून उभी केली. किल्ली पुढे करताना तो एवढंच म्हणाला, की हिने एकदा घाट उतरून नीट पोचवावं, मग ती भंगारात गेली तरी हरकत नाही.

गाडी त्याच्या मुलाची होती. लग्नाला वर्षही झालं नव्हतं, तोच साध्या तापाचं निमित्त होऊन मुलगा गेला. मागे सून राहिली. व्यापाऱ्याचं नळ आणि पाइपांचं मोठं दुकान होतं. कुठे काही गळताना दिसलं, की ते बंद केल्याशिवाय त्याला चैन पडत नसे. घरातही त्याने तेच केलं. मुलाचे फोटो उतरवले, कपडे वाटून टाकले, आणि त्याचं नाव कोणी काढायचं नाही असं सर्वांना बजावलं. हेतू वाईट नव्हता. पोरीचं रडणं थांबावं, एवढंच त्याला हवं होतं. ते थांबलं. मग तिचं बोलणं थांबलं, आणि आता जेवणही थांबत आलं होतं. डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या केल्या आणि शरीरात काहीच दोष नाही म्हणून सांगितलं. आपल्या घरात ही पोर जगायची नाही, हे व्यापाऱ्याने मनाशी ओळखलं आणि तिला कायमची माहेरी पोचवायचं ठरवलं. घरच्या मोठ्या गाडीत बसायला ती तयार होईना. या गाडीचं विचारल्यावर मात्र तिने मान हलवली. नवरी होऊन ती घाट चढून आली होती, ती याच गाडीतून.

हे सारं व्यापाऱ्याने एकदम सांगितलं नाही. गाडी कुठवर आली, हे विचारायला तो रोज यायचा आणि जाताना थोडं थोडं सांगून जायचा.

काम मिस्त्रींच्या शिष्याकडे होतं. तो आता नवखा राहिला नव्हता. गिऱ्हाइकं त्यालाही मिस्त्री म्हणू लागली होती आणि त्याला ते आवडू लागलं होतं. गाडीचा आजार त्याला चमत्कारिक वाटला. शहरात ती शहाण्यासारखी चालायची. वेस ओलांडून थोडं पुढे गेली, की धक्के खायची, धापा टाकायची आणि गप्प व्हायची. इंजिनाला पेट्रोल पोचत नाही, हे तर उघडच होतं. त्याने दोन्ही कार्बोरेटर उघडून धुतले. फिल्टर बदलला, टाकीपासूनची नळी फुंकून पाहिली, पंपाचा पडदा नवा घातला. मग टाकी उघडून ताजं पेट्रोल ओतलं, नळी सोडवली आणि तशाच उघड्या टाकीवर पंप चालवून पाहिला. बोटाएवढी धार आली. तरीही गाडी वेशीबाहेर नेली, की पुन्हा तेच.

शेवटी त्याने निदान केलं, की पंप तापतो आणि आत पेट्रोलची वाफ होते. उन्हाळ्यात जुन्या गाड्यांच्या पंपावर ओलं फडकं टाकायची रीत सगळ्यांना ठाऊक असते. गाडी बंद पडल्यावर त्यानेही ते टाकलं, झाडाखाली बसून चहा घेतला, आणि परत येऊन किल्ली फिरवली तर गाडी सुरू. असं दर वेळी झालं. त्याने मोठ्या समाधानाने गुरूंना सांगितलं.

“फडकं न टाकता कधी तेवढाच वेळ बसून पाहिलंस?” मिस्त्रींनी विचारलं.

शिष्याला हसू आलं. उपाय हाताशी असताना नुसतं कोण बसून राहील? म्हाताऱ्यांना असले प्रश्न सुचतात, असं त्याच्या मनात आलं. मिस्त्रींनी गाडीभोवती एक फेरी मारली, पाठीमागे पेट्रोलच्या झाकणावरून अंगठा फिरवला, आणि तेवढ्यात आलेल्या व्यापाऱ्याला सांगितलं, की उद्या सकाळी खुशाल निघा, आम्ही जीपने मागून येतो.

शिष्य चकित झाला. दोष तर तसाच होता. उपाशी, आजारी पोरीला घेऊन गाडी वाटेत बंद पडणार, हे ठाऊक असून गुरूंनी तिला जाऊ कसं दिलं?

दुसऱ्या दिवशी घाट लागण्याआधीच गाडीने धक्के खाल्ले आणि ती रस्त्याकडेच्या कठड्याशी उभी राहिली. व्यापारी स्टिअरिंगवर हात आपटत होता. शेजारी सून समोर पाहत बसली होती. गाडी थांबली काय आणि चालली काय, तिला त्याचं काहीच नव्हतं. शिष्य पाण्याची बाटली आणि फडकं घेऊन जीपमधून उतरला. मिस्त्रींनी त्याचं मनगट धरलं.

“राहू दे. मागे चल. शेट, तुम्हीही या. सूनबाई, जरा येता का?”

ती येईल असं कोणालाच वाटलं नव्हतं. ती उतरली आणि गाडीचा आधार घेत मागे आली. मिस्त्रींनी टाकीचं झाकण हळूहळू सैल केलं. आतून लांबलचक सुस्कारा ऐकू आला. हवा आत शिरत होती. कितीतरी वेळ शिरत होती. मग पेट्रोलचा वास पसरला. मिस्त्रींनी खूण करताच शिष्याने पुढे जाऊन किल्ली फिरवली, आणि क्षणभर खोकून गाडी सुरू झाली. बाटली तशीच भरलेली होती, फडकं कोरडं होतं. आजवरचं सगळं श्रेय त्याने फडक्याला दिलं होतं, आणि काम केलं होतं ते चहाच्या वेळाने. तेवढ्या अवकाशात कुठून तरी थोडी हवा झिरपत असली पाहिजे. शिष्याला गुरूंचा प्रश्न आता कळला. त्याने गाडी बंद केली.

मिस्त्रींनी झाकण पालथं केलं. मध्ये सुईएवढं छिद्र होतं. नळाच्या सांध्यांना लावतात तसल्या राखाडी लांबीने ते नीट बुजवलं होतं. काम सराईत हाताचं होतं.

“हे कोणी केलं?”

“मीच,” व्यापारी म्हणाला. “वास यायचा घरात. त्याच्या अंगाला कायम… हिला त्रास नको, म्हणून बुजवलं.”

मिस्त्रींनी बुजवलेल्या छिद्रावर बोट ठेवलं.

“शेट, टाकीतून जेवढं पेट्रोल बाहेर जातं, तेवढी हवा आत यावी लागते. ती नाही आली, की टाकी आहे ते धरून बसते. मग पंप कितीही ओढो, थेंब सुटत नाही. टाकी भरलेली, नळी मोकळी, आणि गाडी उपाशी. सगळे भाग तपासा, दोष कुठेच सापडायचा नाही.” त्यांनी झाकण व्यापाऱ्याच्या हातात ठेवलं. “काल गॅरेजातच मला हे दिसलं होतं. तिथे सांगितलं असतं, तर तुम्ही नुसतं झाकण बदलून घेतलं असतं.”

व्यापारी झाकणाकडे पाहत राहिला. मग, कित्येक दिवस न वापरलेल्या आवाजात, सून म्हणाली, “जेवायला बसायचे, तरी हाताला हाच वास असायचा. मी ओरडायचे त्यांना.”

व्यापाऱ्याची मान वर झाली. बोलावं की नाही, हे त्याला कळेना.

“लहानपणापासून तसाच,” अखेरीस तो म्हणाला. “निरंजन. साबण म्हटला की पळायचा. त्याची आई मागे, हा पुढे.”

ते नाव ऐकलं आणि तिचा चेहरा पिळवटला. ती रडू लागली. दम लागेस्तोवर, वाकून, आवाज काढून रडू लागली. सवयीने व्यापाऱ्याचा हात पुढे झाला, “रडू नको” म्हणायला तोंडही उघडलं. पण शब्द बाहेर पडला नाही. हात त्याने मागे घेतला आणि तिच्याजवळ कठड्यावर बसून राहिला.

शिष्याने घड्याळाकडे पाहिलं. घाट पुढेच होता आणि माहेर अजून दूर होतं. तिला तिथे सोडून शेट एकटेच परतणार का, असं त्याने हलक्या आवाजात गुरूंना विचारलं.

“कोणास ठाऊक,” मिस्त्री म्हणाले. “पण आता ठरवण्याआधी ते तिला विचारतील. तू जीपमध्ये बस. घाई करू नकोस.”