डोणीवर अडलेला रेडा

पूर्वी कनकापुरात महीपाल राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व एका पखाल्याच्या घरी रेडा होऊन राहत होता. या गोष्टीत पुढे एक काझी येतो; त्या काळी काझी कुठून आला, असे कोणी विचारील. गोष्टीची जन्मपत्रिका मांडू नये.

पखाल्याचे नाव दस्तगीर. विहिरीचे पाणी कातडी पखालीत भरून, रेड्यावर लादून तो घरोघरी घाली. दिवसाची पहिली पखाल मात्र विहिरीजवळच्या दगडी डोणीत ओतायची, अशी रीत होती. तिथे गुरे, शेळ्या, कुत्री, पाखरे, कोणीही प्यावे. त्या वर्षी पावसाने दडी मारली. विहीर तळाला गेली आणि प्रधानाने पहिली पखाल बंद केली. शेळ्यांची करडे माना टाकू लागली.

राजाला रुखरुख लागली. त्याने नरहरशास्त्री आणि बदरुद्दीन काझी यांना बोलावून विचारले, "मुक्या जीवांचे पाणी तोडावे का?"

"नाही," दोघे एकदमच म्हणाले. सभा तिथेच उठायला हवी होती. पण राजाने विचारले, "का?"

शास्त्री म्हणाले, "पृथ्वी आई आहे. सकाळी तिच्यावर पाय ठेवण्याआधी आम्ही तिची क्षमा मागतो. गुरे-पाखरे तिचीच लेकरे."

काझी म्हणाले, "सृष्टी अल्लाहची. माणूस तिचा राखणदार, ही त्याच्याकडची अमानत. वाहत्या नदीवर बसूनही पाणी उधळू नये, असे आम्हाला सांगितले आहे."

मग शास्त्र्यांनी विचारले, आईची माया राखणदाराला काय कळणार? काझींनी विचारले, आईच्या अंगावर नांगर कसा हो फिरवता? झाले, सात दिवस वाद रंगला आणि राजा दोघांच्याही बोलण्यावर मान डोलावत राहिला. दुसऱ्या दिवशी काझींनी तहानलेल्या कुत्र्याला पाणी पाजणाऱ्या माणसाची गोष्ट इतकी सुंदर सांगितली की राजा रडला. बोलून घसे सुकत, म्हणून सभेत रोज तीन पखाली लागत. त्या रेडाच वाही. कोरड्या डोणीवरून जाताना तो मान वळवून पाही.

आठव्या दिवशी तो डोणीपाशी थांबला तो थांबलाच. रेड्याने बोलून दाखवावे अशी आपल्याकडे अपेक्षा असते, पण त्या जन्मी बोधिसत्त्व एक अक्षर बोलला नाही. नुसता उभा राहिला.

सभेत पाणी येईना. प्रधानाने पखालीची शिवण तपासायला मोची धाडला. दुखणे रेड्याला आणि डाग पखालीला! दुपारी दोन्ही विद्वानांचे आवाज बसले, तेव्हा राजाच त्यांना घेऊन डोणीवर आला.

दस्तगीर हात जोडून म्हणाला, "सरकार, डोण भरल्याबिगर ह्यो पाय उचलायचा न्हाई म्हणतो."

"तो म्हणतो?"

"म्हणत न्हाई, पर मला कळतं. नऊ वरसं संगतीला हाय."

काझींना राहवेना. त्यांनी पखालीचे तोंड सोडून ओंजळ भरली. तोच एक म्हातारी कुत्री जीभ बाहेर काढून समोर येऊन बसली. ओंजळ ओठांपाशीच थांबली.

"या अल्लाह," काझी हळूच म्हणाले, "ही तर माझीच गोष्ट." आणि त्यांनी ओंजळ कुत्रीपुढे धरली.

शास्त्र्यांनी खाली पाहिले. एक करडू त्यांच्या पावलावर मान टाकून पडले होते. त्यांना फार लाज वाटली. दोघांनी मिळून अख्खी पखाल डोणीत रिकामी केली. सगळे प्यायल्यावर रेड्याने तोंड घातले.

"पण निकाल काय?" राजाने विचारले. "कारण कोणाचे खरे?"

"ते उद्या सांगतो, महाराज," शास्त्री म्हणाले. "काझीसाहेब, जरा दोर धरता का? दुसरी पखाल भरू."

एवढी गोष्ट सांगून शास्ता, म्हणजे भगवान बुद्ध, समोरच्या दोन भिक्खूंकडे पाहून हसले. अंगणातले जांभळीचे रोप सुकत चालले होते, आणि झाडाला जीव असतो तो कसा, यावर ते दोघे तीन दिवस भांडत होते.

"सोमिला, तेव्हाचा शास्त्री तू, आणि पुण्णका, काझी तू. मान डोलावणारा राजा म्हणजे हा आपला भांडारी. दस्तगीर म्हणजे विहार झाडणारी सुमना. रेडा मीच होतो. जी आधी पाणी घालते आणि कारण मागाहून शोधते, तिला करुणा म्हणतात. घागर कोपऱ्यात आहे."