वेळूखोऱ्याचे शून्य

एकदा एका राजाच्या कानावर आले की आपल्या राज्यातून लेकरे नाहीशी होत आहेत. कुणी परका माणूस येतो, कामाचे आमिष दाखवतो, कुठे दूरदेशीच्या स्थळाचे नाव काढतो आणि मुलाला नावेत बसवून नदीपार नेतो. ते मूल पुन्हा कुणाच्या दृष्टीस पडत नाही. राजा मनाचा चांगला होता. त्याने बाराही परगण्यांच्या अधिकाऱ्यांना आज्ञा केली की आपापल्या भागातून किती मुले गेली ते महिन्याभरात कळवावे. आलेली उत्तरे एकत्र करण्याचे काम त्याने एका तरुण गणितज्ञावर सोपवले.

हा तरुण एका वृद्ध आचार्यांचा शिष्य. आकड्यांवर त्याचा जीव होता. त्याने बेरीज तीनदा तपासली. उत्तर आले त्रेचाळीस. कुठे चार, कुठे सात, आणि वेळूखोरे नावाच्या डोंगराळ परगण्यातून शून्य. ते शून्य पाहून राजा प्रसन्न झाला. वेळूखोऱ्याच्या अधिकाऱ्याला मानाची वस्त्रे पाठवावीत असे ठरले.

शिष्याने तो कागद कौतुकाने आचार्यांपुढे ठेवला. आचार्यांनी बेरजेकडे पाहिलेही नाही. त्यांनी त्या शून्यावर बोट ठेवले आणि बराच वेळ ते तिथून उचलले नाही. मग एवढेच म्हणाले, ‘‘ही वस्त्रे घेऊन आपण दोघेच जाऊ.’’

वेळूखोऱ्याचा अधिकारी सरळ मनाचा गृहस्थ निघाला. त्याने आदराने सांगितले की तीन दिवस गावोगाव दवंडी पिटवली होती. ज्याचे मूल हरवले असेल त्याने चावडीवर येऊन सांगावे, असा पुकारा केला होता. कुणीही आले नाही. शिष्याला यात काही उणे दिसेना. आचार्यांनी त्याच्या घरी भोजन केले, आभार मानले. वस्त्रांचे गाठोडे मात्र सोडले नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी जे केले ते पाहून शिष्य ओशाळा झाला. बाजारात भिवरा नावाची एक म्हातारी कासारीण खेडोपाडी बांगड्या भरायला निघाली होती. आचार्यांनी तिला विचारले, आम्ही बरोबर येऊ का. आणि तिने हो म्हणताच तिचा बांगड्यांचा पेटारा स्वतःच्या खांद्यावर घेतला. ज्यांना पाहून राजा आसनावरून उठे, ते आचार्य कासारणीमागून ओझे वाहत चालले होते. शिष्य धावत पुढे झाला, तेव्हा ते म्हणाले, ‘‘तुझे हात लिहायला मोकळे असू देत.’’

चाळीस वर्षे भिवरा त्या खोऱ्यात फिरत होती. परक्या पुरुषापुढे ज्या बायका तोंड उघडत नसत, त्या हिच्या हातात हात देऊन बसत. हात दाबता दाबता भिवरा घरातल्या एकेकीची विचारपूस करी. कुणाच्या लेकीला कोणते माप लागते हे तिला पाठ होते.

तिसऱ्या गावी एका घरापुढे ती बसली. आईने धाकट्या मुलीचा हात पुढे केला. भिवराने बांगडी हातातच धरून विचारले, ‘‘आन् चंपी कुठं गं?’’

‘‘मावशीकडं हाय. नदीपल्याड.’’

‘‘तुला नदीपल्याड कधी बहीण झाली, बाई?’’

मग आईने जे सांगितले ते खाली पाहूनच सांगितले. दोन वर्षांमागे एक माणूस आला होता. मोठ्या घरी काम आहे, दोन वेळा पोटभर मिळेल, दिवाळीला आणून पोचवतो म्हणाला. दोन दिवाळ्या झाल्या. कुठले घर, कुठले गाव, काही ठाऊक नाही.

शिष्याला राहवले नाही. त्याने विचारले, ‘‘मग दवंडी ऐकल्यावर चावडीवर का आला नाहीत?’’

बाई म्हणाली, ‘‘दवंडीवाला म्हणला, ज्याचं हरवलं असंल त्यानं या. माजी हरवली न्हाई, बाबा. मीच धाडली.’’

शिष्याची लेखणी थांबली. चंपी कोणत्या रकान्यात लिहावी ते त्याला कळेना. आचार्यांनी हळू आवाजात सांगितले की एकच प्रश्न विचार: मूल आज जिथे आहे, ती जागा घरातल्या कुणी डोळ्यांनी पाहिली आहे का? नसेल पाहिली, तर नाव लिही.

अकरा दिवस ते असे फिरले. कुठे ‘लग्न करून दिली’ म्हणत, कुठे ‘कामाला गेली’. एका घरी आजीने बोलायला सुरुवात केली आणि सुनेने तिचा हात दाबला, कारण मुलीला नेणारा गावच्याच पाटलाचा मेहुणा होता. तो एकच प्रश्न शिष्य दारोदार विचारत राहिला. अकराव्या दिवशी त्याच्याजवळ एकसष्ट मुलींची नावे होती. अधिकाऱ्याने ती यादी वाचली, आणि पुष्कळ वेळ त्याला वर पाहवले नाही. वस्त्रे गाठोड्यातच परत निघाली. आचार्यांच्या विनंतीवरून भिवराही त्यांच्याबरोबर राजधानीला आली.

वाटेत शिष्य म्हणाला, ‘‘आता आकडा बरोबर झाला. त्रेचाळीस आणि एकसष्ट, एकशे चार.’’

आचार्यांनी विचारले, ‘‘मुलगे बांगड्या भरतात का रे?’’

शिष्य चालता चालता थांबला. मुलग्यांचा विचार त्याच्या मनातही आला नव्हता. ज्या घरांनी दारे उघडली नाहीत ती घरे त्याला आठवली. दवंडीवर विसंबलेले उरलेले अकरा परगणे आठवले. तो व्याकूळ होऊन म्हणाला, ‘‘मग मी राजाला सांगू तरी काय? खरा आकडा कधीच हाती लागायचा नाही.’’

आचार्यांनी पेटारा खाली ठेवला. ते म्हणाले, ‘‘बाळा, मुले नेणारा ती मोजू देणार नाही, आणि फसलेल्या आईला ते स्वतःशीही कबूल करवत नाही. दोन्हीकडून दार लावलेल्या खोलीत किती जीव आहेत, हे बाहेरून कोण सांगेल? जेवढे पाहिलेस तेवढे नावानिशी सांग. जे पाहिले नाहीस ते पाहिले नाही, असेही सांग. शून्य वाचले की राजा निश्चिंत झोपतो. ‘ठाऊक नाही’ असे वाचले तर त्याला उठून पाहावे लागते.’’

भरसभेत शिष्य उभा राहिला. तो म्हणाला, ‘‘महाराज, मी दिलेली बेरीज बरोबर होती, पण आकडा खोटा होता. निदान एकशे चार मुले गेली आहेत. त्याहून किती अधिक, ते मला ठाऊक नाही.’’

सभेत कुजबुज झाली. राजाच्या कपाळाला आठी पडली. त्याने विचारले की संख्याच माहीत नसेल तर किती नावा आणि किती शिपाई धाडायचे?

आचार्यांनी भिवराकडे पाहिले. ती म्हातारी पदर सावरून पुढे आली आणि तिने गावागणिक नावे सांगायला सुरुवात केली. हातात कागद नव्हता. कुणाच्या मनगटावर तीळ होता, कुणाचा डावा हात लहानपणी मोडून वाकडा बसला होता, कुणी बांगडी चढताना हसायची. एकसष्ट मुली तिने एकेक करून उभ्या केल्या. लोडाला टेकलेला राजा कधी सरळ बसला ते त्याचे त्यालाच कळले नाही. त्याच दिवशी नावा सुटल्या. ओळख पटवायला भिवरा पहिल्या नावेत होती.

चार महिन्यांनी नावा परतल्या. यादीतल्या एकोणीस मुली सापडल्या होत्या. चंपी त्यांत होती. त्यांच्याबरोबर आणखी सव्वीस लेकरे उतरली, जी कुणाच्याच यादीत नव्हती. बहुतेक मुलगे होते, वीटभट्ट्यांवरून आणि विणकरांच्या मागांवरून सोडवलेले. काही तर दुसऱ्याच राज्यांतली होती.

शिष्य घाटाच्या पायरीवर लिहायला बसला होता. आठ-नऊ वर्षांचा एक मुलगा समोर आला. शिष्याने त्याचे नाव लिहिले, गाव लिहिले. मग त्याला कुणी न सांगता त्याने विचारले, ‘‘तिथं तुझ्याबरोबर आणखी कोण कोण होतं?’’

मुलगा नावे घेत बोटे मोजू लागला. दोन्ही हातांची बोटे संपली. तो क्षणभर थांबला, आणि मग त्याने शिष्याचा डावा हात ओढून घेऊन त्याच्या बोटांवर पुढे मोजायला सुरुवात केली.

शिष्याने लेखणी खाली ठेवली आणि दुसराही हात त्याच्यापुढे केला.