एकोणपन्नास मासे

तळ्याकाठच्या एका गावात कौतिका नावाची मासे धरणारी ढिवरीण राहायची. पाण्यात हात घालून, न बघता मासा ओळखायची.

एकदा तिथे मत्स्य केंद्राची माणसं आली. जिल्ह्यातल्या तळ्यांतल्या साऱ्या माशांची नोंद ते एका वेबसाइटवर करणार होते. प्रत्येक माशाचा फोटो, गावातलं नाव, सापडल्याचा महिना. आणि वंश तपासायला माशाच्या पराचा, म्हणजे पोहायच्या पंखाचा, चिमूटभर तुकडा कुपीत. ज्या तळ्याचे पन्नास प्रकार आधी भरतील, त्याच गावात वेबसाइटचं उद्घाटन होणार होतं.

मग काय, गाव पेटून उठलं! म्हातारे विसरलेली नावं आठवू लागले, बाया चिखलात शिरून टोपल्या चाळू लागल्या. फोटो काढून नोंदी करायचं काम कौतिकाकडे आलं. शेजारचं गाव अठ्ठेचाळीसवर होतं. इकडे एकोणपन्नास झाले आणि श्रावणात जाळ्यात लाल पोटाची लाली आली. पन्नासावा मासा! गावातल्या मच्छीमार सोसायटीचे अध्यक्ष झिंगरूजी यांनी त्याच दिवशी मांडव घातला.

उद्घाटनाला दाखवायला कौतिकाने एक जिवंत लाली पाणी भरलेल्या काचेच्या बरणीत ठेवली. आठ-दहा दिवसांत तिचा रंग उतरू लागला. पोट पांढरं पडलं, अंग रुपेरी झालं. कौतिकाने शेजारी आधीच नोंदलेली रुपेरी चांदकी सोडली. तोच आकार, शेपटीजवळ तोच काळा ठिपका. लाली म्हणजे वेगळा मासा नव्हताच! तो चांदकीचा नर होता, विणीच्या दिवसांत रंगलेला. पिढ्यान् पिढ्या कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं ते तिला दिसलं होतं.

ती बरणी घेऊन धावत झिंगरूजींकडे गेली. त्यांनी बरणी पाहिली आणि दार लोटून घेतलं.

"बाई, हे बरणी मागच्या खोलीत ठेवा. मासा बोलते थोडाच!"

"मासा नाही बोलत जी. म्हणूनच आपल्याले खरं लिहा लागते."

"अवो, बाहेर मांडव उभा आहे!"

कौतिकाने घरी येऊन फोन हातात घेतला. लालीची नोंद खोडून तिने केंद्राला लिहिलं, 'लाली वेगळी नाही, चांदकीचा नर आहे. आमचे एकोणपन्नासच.' सोबत दोघींच्या पराचे तुकडे पाठवले.

पुढच्याच आठवड्यात शेजारच्या गावाचे पन्नास भरले. मांडव उतरला. बाजारात तिकडच्या बाया हाक मारायच्या, "कौतिके, एखादा मासा उसना नेतेस का वो?" झिंगरूजी तर समोरून आले की वाट बदलायचे.

महिन्याने केंद्रातल्या बाईंचा फोन आला. "कौतिकाबाई, तुमचंच खरं! दोन्हींचा वंश एकच. ही लाली तुम्ही कधी पकडता?"

"श्रावणात. टोपल्याच्या टोपल्या…" म्हणता म्हणता कौतिका थांबली. पाच वर्षांपासून सारं गाव कुरकुरत होतं, चांदकी कुठे गेली, चांदकी कुठे गेली. अन् ऐन विणीत तिचे नर तेच लोक तळून खात होते!

ती तशीच सोसायटीत शिरली. सांगताना शब्द एकमेकांवर पडत होते. झिंगरूजींनी सारं ऐकून घेतलं. मग उठले आणि खुंटीवरचं बारीक जाळं काढून पेटीत घालून कुलूप लावलं.

"उद्या दवंडी देतो. श्रावणात लालीले कोणी हात लावाचा नाही. हात न लावणाऱ्यांत पहिलं नाव माझं लिहा."

दुसऱ्या वर्षी दिवाळीनंतर जाळं टाकलं, तर चौघांना ओढवेना. रुपेरी चांदकीने पाणी नुसतं खळबळत होतं! झिंगरूजी धोतरासकट तळ्यात उतरले आणि लहान पोरासारखे ओरडले, "कौतिकाबाई, पाहता काय? फोटो काढा ना वो!"

तात्पर्य: नोंद वाढवण्यापेक्षा चुकलेली नोंद खोडायला जास्त हिंमत लागते, आणि पुढे उपयोगाला येते ती खरी नोंदच.