तिसऱ्या दारापर्यंतची ढाल

गोष्ट परवाचीच, पण मोबाइलच्या खेळातल्या पत्त्यांना ती युगांपूर्वीची वाटते. गडाला सात दारं आणि दर दाराशी पत्त्यांची लढाई. खेळणारी हेमांगी हरली की डाव पुन्हा पहिल्या दारापासून सुरू होई, आणि तिच्या हाती पहिलं पान येई ते साध्या ढालीचं. तिसऱ्या दाराशी विजेचं जोरकस पान मिळालं, की हेमांगी ढालीला डावातून काढून टाकी. सातवं दार ढालीने कधी पाहिलंच नव्हतं.

एकदा ढालीची जागा घेताना वीज तिला म्हणाली, "हेमांगी हरली तरच तू तिच्या हाती लागतेस. मग हरू दे की!"

"असं कसं म्हणू बाई? ती पुढे जावी म्हणून तर पहिले घाव मी झेलते."

त्या दिवशी वर सातव्या दाराशी नगारे वाजले. हेमांगी जिंकली होती. टाकलेल्या पानांत पडल्यापडल्या ढाल हसली. नगारे थांबले, तरी ती कान देऊनच होती, पहिल्या दाराशी हेमांगीची चाहूल लागते का म्हणून.