केसाएवढी तार

"मग सर, करताय ना सही?"

पुष्कराजने हे तिसऱ्यांदा विचारलं. इंदुलकर सर अजून चष्माच पुसत होते. चाचणीच्या अहवालावर त्यांची सही झाली, की त्याचं यंत्र उद्या तालुक्याच्या दवाखान्यात जाणार होतं.

यंत्र म्हणजे काय, केसाएवढी बारीक काचेची तार. आतून प्रकाश जातो, टोकाला पॉलिमरचा लेप. लेपावर प्रथिन चिकटलं की प्रकाश बदलतो आणि पडद्यावरची रेघ वर चढते. लघवीतलं कणभर प्रथिनसुद्धा माझ्या तारेतून सुटत नाही, असं तो भेटेल त्याला ऐकवायचा. गेल्या आठवड्यात तर पाहुण्यांसमोर त्याने द्रौपदाबाईंचाच नमुना तपासला. द्रौपदाबाई प्रयोगशाळेतलं काचसामान धुतात. रेघ सरसर वर गेली.

"बाई, तुमच्या किडनीचं काही खरं नाही हं," तो हसत म्हणाला होता. टाळ्या पडल्या. बाई पदर सावरत आत गेल्या.

"कोरं पाणी तपासलंस?" आता चष्मा डोळ्यांवर चढवत सरांनी विचारलं.

पुष्कराजने समोरचा अहवाल उगाच सरळ केला.

नमुन्याआधी तार नुसत्या पाण्यात बुडवून बघायची, हा सरांच्या प्रयोगशाळेतला पहिल्या दिवसापासूनचा शिरस्ता.

"आधी बघायचो, सर..."

"मग?"

"आलेख बिघडायचा."

सर उठले. कॅनमधलं शुद्ध पाणी त्यांनी चंचुपात्रात ओतलं आणि नवी तार बुडवली.

रेघ जराशी हलली. मग सावकाश चढत गेली आणि बाईंच्या वेळी थांबली होती तिथेच येऊन थांबली.

"पाण्याचीही किडनी गेली म्हणायची," सर म्हणाले.

लेप पाण्यानेच फुगतो आणि रेघ आपोआप चढते, हे पुष्कराजला चार महिन्यांपूर्वीच कळलं होतं. त्याने वहीतलं त्या नोंदीचं पान तेवढं फाडून टाकलं होतं. आता मान वर होईना. लाज वाटत होती ती सरांची, आणि त्याहून जास्त त्या टाळ्यांची.

"चुकलो, सर... माफ करा मला."

तो पाय धरायला वाकला. सरांनी पाय मागे घेतले.

"माझे कशाला धरतोस?... आठ दिवस झाले, किडनीच्या धास्तीने द्रौपदाबाई अळणी जेवतायत."